प्लास्टिकची जट वाफेवर का बसते?

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते तेव्हा तापीकाठच्या त्या घोडाबाजारात साज, लगाम, दावी आणि कासरे विकणाऱ्यांचीही दुकाने लागतात. नायलॉनचा दोर मापाने तोडला की त्याचे टोक क्षणभर ज्योतीवर धरायचे, ही रीत शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक असते. टोक आक्रसते, ओघळू लागते आणि निवले की त्याचा टणक गोळा होतो. पिळाचे पदर मग सुटत नाहीत. हेच अंबाडीच्या किंवा सुताच्या दोराला केले तर टोक जळून राख होते आणि पदर पहिल्यासारखेच मोकळे राहतात. माणसाच्या केसांची बट धरली तर उग्र वास सुटतो आणि बोटांनी चुरता येईल अशी काळी खर उरते. ज्योत तीच, पण एका दोराला ती बांधते, दुसऱ्याला खाते आणि केसाचा चुरा करते. हा फरक हाताला माहीत असतो, पण तो का पडतो हे सहसा कोणी विचारत नाही.

हा प्रश्न आता एका वेगळ्या कामात पुढे येतो आहे. शाळेच्या गॅदरिंगमधला शंकर, महाशिवरात्रीच्या मिरवणुकीतली झांकी, नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातल्या सोंगाड्या पार्टीतली सोंगे, या सगळ्यांना खोटे केस लागतात. शिवाय जमैकाच्या रास्ताफारी पंथीयांकडून संगीताबरोबर जगभर गेलेली ड्रेडलॉकची म्हणजे जटांची फॅशन आता लहान शहरांतही पोहोचली आहे. स्वतःचे केस जटेत अडकवण्यापेक्षा कृत्रिम तंतूंच्या जटा घरी बनवायच्या, काही दिवस वेणीत गुंफून मिरवायच्या आणि काढून ठेवायच्या, हा मार्ग पुष्कळांना सोयीचा वाटतो. या कामाचा शेवटचा टप्पा म्हणजे उष्णतेने जट ‘सील’ करणे. नवशिक्यांची जट बिघडते ती बहुतेक इथेच, कारण कासऱ्याची रीत ते केसांना लावतात आणि मेणबत्ती किंवा लायटर घेऊन बसतात. कृत्रिम जट वितळवून बांधलेली नसते. ती मऊ करून, पिळात धरून निववलेली असते. मऊ होणे आणि वितळणे यांतला हा फरक एकदा नीट समजला की महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या, खऱ्या केसांच्या जटेविषयीच्या एका जुन्या भीतीचाही उलगडा होतो.

खऱ्या केसांची जट कशामुळे धरते?

आधी निसर्गाने केलेली जट पाहू. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दहा-वीस केस शेजारी-शेजारी बसतील. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर एकमेकांवर चढलेले सूक्ष्म खवले असतात. या खवल्यांच्या कडा मुळाकडून शेंड्याकडे वळलेल्या असतात. म्हणून मुळाकडून शेंड्याकडे बोट फिरवले तर केस गुळगुळीत लागतो आणि उलट फिरवले तर किंचित खरखरीत. दोन केस उलटसुलट दिशेने एकमेकांवर घासले गेले की खवले खवल्यांत अडकतात. केस पुढे सरकू शकतो, पण मागे येऊ शकत नाही, आणि त्यामुळे प्रत्येक हालचालीबरोबर गुंता घट्टच होत जातो. लोकरीचा नमदा याच तत्त्वावर बनतो. त्यात ना विणकाम असते ना शिवण, तरीही ओली लोकर दाबून-घोळून केलेले ते जाड कापड वर्षानुवर्षे टिकते.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते, आणि माझ्या मते तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. निरोगी डोक्यावरूनही रोज ५० ते १०० केस गळतात. विंचरणाऱ्याला ते फणीत दिसतात आणि तो ते फेकून देतो. विंचरणे थांबले की हे सुटे केस खाली न पडता उरलेल्या केसांतच अडकून राहतात. त्यांना मूळ नसते, त्यामुळे ते कुठल्याही दिशेला सरकून गुंत्याला आडवे टाके घालतात. महिन्याकाठी या दीड ते तीन हजार मोकळ्या धाग्यांत तेल, घाम, धूळ आणि टाळूचा स्राव मिसळला की गुंत्याची गाठ बनते. केस लांब, कुरळे किंवा कोरडे असतील तर हे लवकर घडते, आखूड आणि सरळ असतील तर उशिरा. जट टिकायला तीन गोष्टी लागतात: तंतूंचा गुंता, त्यांच्यातले घर्षण आणि झालेला आकार पक्का होणे. खऱ्या केसांत ही तिन्ही कामे खवले, गळलेले केस आणि मळ मिळून करतात.

प्लास्टिकच्या तंतूची अडचण

कृत्रिम तंतू कारखान्यात वितळलेल्या किंवा विरघळलेल्या प्लास्टिकपासून बारीक छिद्रांतून ओढून काढतात. त्याला खवले नसतात. पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे कटलरीच्या दुकानातले नायलॉनचे गंगावन कितीही कालवले तरी झटकले की बरेचसे मोकळे होते. बाजारात ‘ब्रेडिंग हेअर’ म्हणून मिळणाऱ्या तंतूंत मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला मॉडअ‍ॅक्रिलिक. अ‍ॅक्रिलिकमधल्या मूळ घटकात क्लोरीन असलेला दुसरा घटक मिसळून तो बनतो, आणि जपानच्या कानेका कंपनीचा ‘कानेकालॉन’ हे त्यातले सर्वांत परिचित नाव. दुसरा पीव्हीसीचा, म्हणजे पाण्याच्या पाइपाच्याच जातीचा. तिसरा पॉलिएस्टरचा, म्हणजे सुरतेहून खानदेशात येणाऱ्या साड्यांचे जे सूत तेच. तिघांनाही उलट विंचरून गुंता करता येतो, पण त्यांचे घर्षण कमी असते आणि आकार आपोआप पक्का होत नाही. ही उणीव उष्णता भरून काढते.

यासाठी तंतूच्या आत पाहावे लागते. प्लास्टिक म्हणजे हजारो दुव्यांच्या लांबलचक साखळ्या. कारखान्यात तंतू गरम असताना ताणला जातो, तेव्हा या साखळ्या लांबीच्या दिशेने सरळ होतात आणि त्याच अवस्थेत थंड होऊन अडकतात. साखळी मोकळी सोडली तर ती सरळ न राहता वेटोळी व्हायला बघते, पण थंड प्लास्टिकमध्ये तिला हलायला वाव नसतो. तंतू पुन्हा तापवला की तो वाव मिळतो आणि तंतू आखडतो. पॉलिएस्टरच्या साडीवर इस्त्री जास्त गरम लागली की तेवढा भाग चुणून आत ओढला जातो, तो यामुळेच. जट करणाऱ्याच्या दृष्टीने हे आखडणे फार कामाचे आहे. कालवून ठेवलेल्या गुंत्यातला प्रत्येक तंतू थोडा आखडला की प्रत्येक सैल फास ओढला जातो. खवल्यांनी हळूहळू करायचे घट्ट करण्याचे काम उष्णता काही सेकंदांत उरकते.

मऊ होणे वेगळे, वितळणे वेगळे

प्लास्टिकला उष्णतेच्या दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर साखळ्यांना जागच्या जागी वळवळता येते. तंतू अखंड राहतो, पण कडकपणा सोडून वाकायला तयार होतो. या तापमानाला शास्त्रज्ञ काच-संक्रमण तापमान म्हणतात, कारण काचही अशीच कडकपणा सोडते. दुसऱ्या पायरीवर साखळ्या एकमेकींवरून वाहू लागतात, ते वितळणे. पॉलिएस्टर ७० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागते, पण वितळते २५० अंशांच्या वर. नायलॉन ६ सुमारे २२० अंशांना वितळते. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ होते, मात्र ते नीट वितळण्याआधीच विघटित होऊ लागते आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. मॉडअ‍ॅक्रिलिकही उकळत्या पाण्याच्या तापमानाला वळवता येते. फार तापवले तर ते स्वच्छ वितळत नाही, करपते.

गुळाच्या चिक्कीत हेच घडताना दिसते. पाक गरम असतो तोवर लाटता येतो, वड्या पाडता येतात. निवला की ज्या आकारात असेल त्यात ताठ होतो, आणि पुन्हा शेकला तर पुन्हा नरमतो. चिक्कीचा आकार ठरतो तो निवताना. कृत्रिम जटेचेही तसेच आहे. तंतू गरम असताना पीळ धरून ठेवला आणि थंड होईपर्यंत सोडला नाही, तर साखळ्या त्या पिळातच अडकतात. गरम असतानाच हात सोडला तर पीळ उलगडतो आणि तंतू त्या उलगडलेल्या स्थितीत ताठ होतो. ‘इतकी वाफ दिली तरी जट सुटली’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा उष्णता कमी पडलेली नसते, निववण्याची घाई झालेली असते.

हे तत्त्व हौशी लोकांनी शोधलेले नाही. नंदुरबारहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या सुरतेच्या कृत्रिम कापडाच्या धंद्यात ते रोज वापरले जाते. विणलेले पॉलिएस्टर कापड १८० ते २०० अंशांच्या गरम हवेतून ताणून नेतात, म्हणजे धुतल्यावर त्याची लांबी-रुंदी बदलत नाही. सपाट, चकचकीत धाग्याला फुगीर आणि मऊ करायचे असेल तर त्याला पीळ देऊन तापवतात, पिळातच थंड करतात आणि मग पीळ उलगडतात; धाग्यात पिळाची लहर कायम राहते. जट करणारा हेच करतो, शेवटची पायरी तेवढी वगळतो. पीळ उलगडत नाही, राहू देतो.

आता लायटरचा दोष स्पष्ट होतो. ज्योतीचे तापमान हजार अंशांच्या वर असते. मऊ होणे आणि वितळणे यांच्यात दीड-पावणेदोनशे अंशांचे अंतर असले, तरी केसाएवढ्या बारीक तंतूला ते ज्योतीत ओलांडायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. जाड कासऱ्याचे टोक वितळवणे हाच हेतू असतो, म्हणून तिथे ज्योत चालते. जटेवर मात्र बाहेरचे तंतू वितळून टणक, टोचणारे कण बनतात आणि आतला गुंता सैलच राहतो. टोकाला तयार झालेला प्लास्टिकचा गोळा मानेला घासतो आणि पहिल्या धुण्यात तडकतो.

वाफ स्वतःच मर्यादा पाळते

उघड्या भांड्यातल्या पाण्याची वाफ समुद्रसपाटीला १०० अंशांच्या पलीकडे जात नाही. भांड्याखाली जाळ कितीही वाढवला तरी पाणी लवकर आटते एवढेच, वाफेचे तापमान चढत नाही. मऊ होण्याच्या पायरीच्या वर आणि वितळण्याच्या बरीच खाली असलेली ही जागा वाफ आपोआप राखते, तिला थर्मामीटर किंवा बटण लागत नाही. कुकरमध्ये दाबामुळे वाफ सुमारे १२० अंशांपर्यंत जाते, पण शिट्टीतून बाहेर पडताच दाब उतरतो आणि तापमानही शंभराकडे येते. त्यामुळे जटेसाठी कुकरच्या शिट्टीशी खेळण्याचा फायदा शून्य आणि धोका मोठा. तोरणमाळ सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. पण तेवढा फरक पीव्हीसी किंवा मॉडअ‍ॅक्रिलिकला मऊ करण्याच्या आड येत नाही.

वाफेचा दुसरा गुण म्हणजे ती आत शिरते. जटेच्या बाहेरच्या थरावर आणि आतल्या सांदीत ती पाणी होऊन बसते आणि बसताना साठवलेली उष्णता सोडते. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे २,२६० ज्यूल उष्णता बाहेर पडते. तेच एक ग्रॅम उकळते पाणी शरीराच्या तापमानापर्यंत थंड झाले तर सुमारे २६० ज्यूल. म्हणजे वाफेत जवळजवळ नऊपट उष्णता दडलेली असते. जट आतपर्यंत तापते ती या उष्णतेने, आणि वाफेचा चटका पाण्यापेक्षा खोल जातो तोही याच उष्णतेने. म्हणून हाताला जाड मोजे किंवा निदान सांडशी हवीच. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा कोरडी असते, ती आत पोहोचेपर्यंत बाहेरचा थर ताठतो. केस सरळ करायच्या चिमट्याच्या पट्ट्या मात्र १५० ते २३० अंशांपर्यंत जातात. पॉलिएस्टरला त्या खालच्या तापमानावर चालतात, पीव्हीसीला मुळीच नाही.

इथे एक उलटी अडचणही आहे. पाकिटावर ‘उष्णतारोधक’ असे लिहिलेले पॉलिएस्टर तंतू कारखान्यात आधीच उंच तापमानाला पक्के केलेले असतात. ते शंभर अंशांच्या वाफेला दाद देत नाहीत, दिली तरी अर्धवट. महाग तंतू आणून जट बसत नाही म्हणून हिरमुसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. जटेसाठी लवकर मऊ होणारा तंतूच बरा.

चौकट : हातात कोणता तंतू आहे?

पाच-सहा तंतू कापून चिमट्यात धरावेत. खाली पाण्याची ताटली ठेवावी, जागा मोकळी असावी, आणि ज्योत बाजूने हळूहळू जवळ आणावी. ज्योतीपासून दूर पळून आक्रसणारा तंतू प्लास्टिकचा. वितळून थेंब गाळणारा आणि ज्योत काढल्यावरही जळत राहणारा बहुधा पॉलिएस्टर किंवा नायलॉन. ज्योत काढताच विझणारा आणि कडक, वेडावाकडा काळा मणी ठेवणारा मॉडअ‍ॅक्रिलिक किंवा पीव्हीसी. न आक्रसता जळणारा, राख ठेवणारा सुती. जळक्या पिसासारख्या वासाचा आणि चुरगळणारा खरा केस. धूर हुंगू नये. क्लोरीन असलेल्या तंतूंचा धूर घशाला व फुप्फुसांना घातक असतो, आणि मॉडअ‍ॅक्रिलिकच्या धुरात हायड्रोजन सायनाइडही असते.

प्रत्यक्ष कृती

तंतूंवर कारखान्यात लेप दिलेला असतो आणि काहींच्या टाळूला त्याने खाज सुटते. म्हणून आधी कोमट पाण्यात थोडे व्हिनेगर घालून तंतू भिजवावेत, खळबळून पूर्ण वाळवावेत. मग हव्या त्या जाडीची बट वेगळी करून मध्यावर बांधावी. दोन्ही बाजूंना जट करायची असेल तर मध्यभाग मोकळा ठेवावा, कारण नंतर तोच डोक्यावरच्या केसांच्या वेणीत गुंफला जातो. एकाच बाजूची जट हवी असेल तर बट दुमडून वर फास ठेवावा. बांधलेल्या ठिकाणापासून टोकाकडे थोडे-थोडे जात बारीक दातांच्या फणीने उलटे विंचरावे. घाई केली तर गुंता गाठींसारखा जागोजागी जमतो. गुंता सारखा पसरला पाहिजे. मग बट तळहातांमध्ये वळून पीळ द्यावा. काही जण याऐवजी बारीक क्रोशाच्या सुईने सुटे तंतू आत ओढून घेतात. त्याला वेळ लागतो, पण उष्णता देण्याआधीच गुंता पक्का असतो आणि जट मऊ राहते.

पिळलेली बट ताणून धरावी आणि किटलीच्या तोटीतून येणाऱ्या किंवा चाळणीवर पसरलेल्या वाफेवरून हळूहळू सरकवावी. तंतू किंचित आखडल्याचे, बट बोटाखाली घट्ट झाल्याचे जाणवते. तोच थांबण्याचा इशारा. यापुढे वाफ देत राहिले तर जट काठीसारखी ताठ होते. पीळ न सोडता ती पूर्ण थंड होऊ द्यावी. टोकाचे तंतू असमान कापलेले असतील तर जट निमुळती होते, एकसारखे कापले तर बोथट. दोन्हींत टोक पुन्हा पिळून वाफेवर धरले की पुरते, ज्योतीची गरज पडत नाही.

डोक्यावर चढवताना वजनाचा विचार सगळ्यांत आधी करावा. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही, मॉडअ‍ॅक्रिलिकही फार थोडे. पण तंतूंच्या मधल्या सांदीत पाणी साठते आणि ओल्या जटा जड होतात. कपाळाजवळचे आणि कानशिलावरचे केस नाजूक असतात. सतत ओढ बसली तर मुळे दुबळी होऊन तिथले केस गळतात आणि ओढ फार दिवस राहिली तर परत येत नाहीत. लहान मुलांच्या डोक्यावर केसांत गुंफलेल्या जटा लावूच नयेत, टोपीला शिवलेल्या चालतील. पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी हवा दमट असते, तेव्हा जट आतून वाळायला खूप वेळ लागतो. अर्धवट ओली बांधली तर तिला बुरशीचा वास येतो.

‘पण खरी जट आपोआप येते’

आता त्या जुन्या भीतीकडे. महाराष्ट्राच्या अनेक भागांत, विशेषतः दक्षिणेकडे, बाईच्या डोक्यात जट दिसली की ते देवीचे बोलावणे किंवा देवीचा कोप मानण्याची प्रथा आहे. यल्लम्मासारख्या देवतांशी ती जोडली गेली आणि जट आलेल्या मुलीला देवदासी म्हणून सोडण्यापर्यंत गोष्ट गेली. कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५च्या अधिनियमाने देवदासी प्रथेवर बंदी घातली, पण जट कापली तर घरावर संकट येईल ही धास्ती कायद्याने जात नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती वर्षानुवर्षे जट निर्मूलनाचे काम करते. पुण्याच्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक बायकांची जट समजूत घालून, संमतीने सोडवली आहे. या बायकांनी मानेचे दुखणे, उवा, दुर्गंधी, कुशीवर न झोपता येणे, लोकांचे दूर राहणे हे सगळे सोसलेले असते.

यावर पहिला आक्षेप येतो की कृत्रिम जट कोणीतरी मुद्दाम विंचरून आणि वाफ देऊन बनवतो, खरी जट मात्र कोणी काही न करता येते, तेव्हा दोन्हींची तुलना करू नये. उत्तर वर आलेच आहे. ‘काही न करणे’ हीच इथली क्रिया आहे. विंचरणे थांबते, गळलेले केस आत राहतात, खवले त्यांना एका दिशेने आत ओढतात. गुंता दिसला की तो देवीचा म्हणून फणी लावायची बंदी होते, वर हळद-कुंकू आणि तेल चढते. म्हणजे जटेला लागणाऱ्या उरलेल्या दोन्ही गोष्टी, घर्षण आणि आकार पक्का करणारा चिकटपणा, श्रद्धेच्या नावाखाली पुरवल्या जातात. कृत्रिम जटेत जे काम फणी आणि वाफ तासाभरात करतात, तेच इथे महिने लावून होते. जट एका रात्रीत आली, हेही खरे असू शकते. केस धुताना डोक्यावर ढीग करून जोरात चोळले आणि एका धुण्यातच सगळे केस सुटणार नाहीत असे गुंतले, अशा घटना त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलेल्या आहेत. त्यात ना व्रत मोडलेले होते ना नवस चुकलेला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मग ती सगळ्यांना का येत नाही, नेमकी काही बायकांनाच का? कारण गुंत्याला लागणारी परिस्थिती सगळ्यांना सारखी मिळत नाही. लांब केस, बाळंतपण किंवा आजारपणातले अंथरूण, मनाची उदासी, पाण्याची टंचाई, कामाच्या रगाड्यात डोक्याकडे बघायलाही फुरसत नसणे हे सगळे बायकांच्याच वाट्याला अधिक येते. पोलंडमध्ये हीच समजूत शतकानुशतके होती. तिथे जटेला ‘कोल्तून’ म्हणत. ती कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल, असे लोक मानत. एकोणिसाव्या शतकात क्राकोचे डॉक्टर युझेफ डीटल यांनी ती न विंचरलेल्या केसांचा गुंता आहे हे दाखवून दिले आणि त्याविरुद्ध मोहीम चालवली. पुढे ते त्याच शहराचे नगराध्यक्ष झाले. यल्लम्मा पोलंडच्या गावांत पोहोचलेली नव्हती, तरी जट आणि तिची भीती दोन्ही तिथे होत्या. गरिबी आणि न विंचरलेले केस दोन्हीकडे समान होते.

काहींना असेही वाटेल की साधूच्या जटा, शंकराच्या जटा या श्रद्धेच्या गोष्टी आहेत आणि प्लास्टिकच्या जटेची कृती सांगून त्यांचे मोल कमी होते. मला तसे वाटत नाही. स्वतःच्या इच्छेने जटा राखणाऱ्याची निष्ठा केसांच्या खवल्यांवर अवलंबून नसते. जिने जट मागितलेली नाही, जिला ती नको आहे आणि केवळ भीतीपोटी जी ती वागवते, तिच्यापुरता हा खुलासा आहे. तिच्या हातात एक कृत्रिम जट द्यावी, तिच्यासमोर दुसरी बनवून दाखवावी. व्याख्यान जिथे पोहोचत नाही तिथे हे पोहोचू शकते.

प्लास्टिकचा कचरा वाढतो, हा आक्षेप मात्र मान्यच करायला हवा. हे तंतू कुजत नाहीत आणि धुताना त्यांचे बारीक तुकडे पाण्यात जातात. त्यातल्या त्यात बरे म्हणजे तापवून निववलेला आकार टिकतो. विस्कटलेली जट पुन्हा पिळून वाफेवर धरली की नीट होते, त्यामुळे एकच संच वर्षानुवर्षे वापरता येतो. फॅशनसाठी दर महिन्याला नवे पाकीट आणण्याचे कारण नाही.

होळीपाशी सांभाळा

नंदुरबार जिल्ह्यात या विषयाला आणखी एक बाजू आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी आणि सातपुड्यातल्या इतर होळ्या रात्रभर चालतात. अंगावर नक्षी रेखाटलेले, मोरपिसांचे उंच टोप घातलेले बावा आणि बुध्या ज्वाळांच्या जवळ नाचतात. मोरपीस केसासारखेच केराटिनचे असते, ठिणगी पडली तर ते करपते पण थेंब होऊन गळत नाही. पॉलिएस्टर किंवा नायलॉन मात्र वितळून कातडीला चिकटते आणि चिकटलेल्या जागी भाजत राहते. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. मॉडअ‍ॅक्रिलिकला जळत राहायला त्याहून बराच जास्त लागतो म्हणून ते ज्योत दूर झाली की विझते, पण ज्योतीत असेपर्यंत तेही आक्रसते, करपते आणि विषारी धूर सोडते. तेव्हा कृत्रिम जटा, नायलॉनचे गोंडे आणि खोटे केस होळीच्या, आरतीच्या आणि चुलीच्या जवळ नेऊ नयेत. गॅदरिंगमध्ये शंकर होणाऱ्या मुलाच्या हाती पेटती पणती देऊ नये.

आणि घरात, शेजारात कोणाच्या डोक्यावर नको असलेली जट असेल तर तिची भीती आधी बोलून घ्यावी. केसाला मज्जातंतू नसतात, तो कापताना दुखत नाही, रक्त येत नाही. जटेखालची टाळू मळलेली किंवा जखमी असू शकते, म्हणून कात्री तिच्या संमतीने आणि जाणत्या माणसाच्या हातानेच चालवावी. जखम दिसली तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी आणि केस पुन्हा वाढू लागले की रोज फणी फिरवावी.